दोन गिनीपिग, बावीस दिवस आणि तीनदा हलवलेला पिंजरा

रेस्क्यूतले, म्हणजे आम्ही सोडवून आणून सांभाळलेले गिनीपिग कोणाच्या घरी द्यायच्या आधी ते घर बघून यायचं काम मी करते, आणि ही त्यातलीच एक केस आहे. फार आक्रीत काही घडलं नाही यात, पण तयारीत जे जे चुकू शकतं ते बहुतेक सगळं चुकलं आणि नशिबाने प्राणी घरात यायच्या आधीच चुकलं, म्हणून नीट लिहून ठेवतेय. त्यातली एक मोठी चूक माझीच आहे, ती पुढे येईलच.

प्राणी दोन, दोघी माद्या, वय अंदाजे दीड वर्ष. एक अंगभर भुरी आणि दुसरी काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नावं भुरी आणि टिकली. ज्या घरातून आल्या तिथे नर-माद्या सगळे एकत्रच होते, संख्या वाढत गेली आणि शेवटी त्या लोकांनी हात टेकले. या दोघींना नरांपासून वेगळं करून तेव्हा ५० दिवस झाले होते. आता गिनीपिगचे गाभणपणाचे दिवस ५९ ते ७२, त्यामुळे अशा घरातून आलेली मादी ७२ दिवस उलटेपर्यंत आम्ही कोणाला देत नाही, सुरुवातीच्या दिवसांत वरून बघून काही कळत नाही हो, आणि घेऊन गेलेल्या माणसाला महिन्याभरात दोनाचे पाच झालेले दिसले की तो परत आमच्याच दारात. म्हणजे हातात होते २२ दिवस. घरच्यांना वाटलं उगाच अडवून धरलंय, मला मात्र मनातून बरं वाटलं कारण त्यांचा पिंजरा मी फोटोत बघितला होता.

घरात आई, बाबा आणि ११ वर्षांचा मुलगा. दुसरा कुठला प्राणी नाही, हे एक सोपं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा पिंजरा बाल्कनीत तयार होता. दुमजली, मधे छोटी शिडी, वरच्या मजल्यावर फिरतं चाक, तळाला तारेची जाळी. बाहेरून पुठ्ठ्याच्या दोन पाट्या अडकवलेल्या, पेन्सिलने मोठ्या अक्षरात भुरी आणि टिकली. मुलगा माझ्या तोंडाकडेच बघत उभा होता, इतकं जिवावर आलं काही बोलायचं. दुकानात त्यांना सांगितलं होतं की दोघींना आरामात पुरेल. मी टेप काढला. ७० बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे साडेतीन चौरस फुटांच्याही आत. मोठी झालेली गिनीपिग पाव मीटर लांब असते, वळायलाच निम्मी रुंदी जाते. आणि वरचा मजला हिशोबात धरायचाच नाही, हे लोकांना पटवायला सगळ्यात जड जातं. हा प्राणी चढणारा नाही, सपाटीवर पळणारा आहे, भिंतीच्या कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट, आणि त्यासाठी त्याला सलग जमीन लागते. शिडीवरून घसरून पाय मोडून घेण्यापलीकडे त्या दुमजलीचा काही उपयोग नाही. चाक हॅमस्टरचं, गिनीपिगच्या पाठीचा कणा तसा मागे वाकत नाही, दुखापतच होणार. आणि तारेच्या तळावर उभं राहून राहून तळपायाला जखमा होतात, बम्बलफूट म्हणतात त्याला, एकदा खोलवर गेलं की महिनोन् महिने ड्रेसिंग करत बसायचं.

दोघींना कमीत कमी साडेसात चौरस फूट, आणि जमत असेल तर दहा-साडेदहा. आकडा ऐकून कोणालाच काही दिसत नाही, त्यामुळे मी वर्तमानपत्रं मागवली आणि हॉलच्या फरशीवर पसरली, १४० सेंटीमीटर लांब, ७० रुंद. आई म्हणाल्या, "अहो ताई, हा तर सोफाच झाला की!" म्हटलं हो, सोफाच समजा. मग बाल्कनीतला पिंजरा उचलून त्या कागदांवर ठेवला तर तो एका कोपऱ्यात खेळण्यातल्यासारखा दिसायला लागला आणि पुढचं मला काही बोलावंच लागलं नाही. बाबा म्हणाले, "मग हा परत करतो." परत घेतला नाही दुकानाने, ते असो.

बाल्कनी तशीही बाद होती. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश मानवतं, २७-२८ च्या पुढे गेलं की काळजी, कारण घाम येत नाही आणि अंगावर दाट केस, उष्माघाताने बघता बघता जातात. शिवाय वारा, पाऊस, मांजरं, वरून घिरट्या घालणारे पक्षी. मुलाला स्वतःच्या खोलीत हवं होतं पण गिनीपिग रात्री अपरात्री जागे असतात, पाण्याच्या बाटलीच्या नळीतल्या गोळीची टकटक, गवताची खसखस, आणि दुपारभर खोली बंद म्हणजे यांना माणूस दिसणारच नाही. तर हॉल. हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा मोकळा होता, हवेशीर होता, मी सकाळी अकराला तिथे उभी होते, छान सावली, म्हटलं इथेच करा. ही माझी चूक, लक्षात ठेवा.

नवा पिंजरा त्यांनी घरीच केला. तारेच्या चौकोनी ग्रिड मिळतात, स्टोरेजचे कप्पे जोडायच्या, ३५ सेंटीमीटरच्या, लांबीला ४ आणि रुंदीला २, चारी बाजू मिळून १२ ग्रिड. घेताना भोकं मोजून घ्या, ४ सेंटीमीटरच्या आत पाहिजेत, बाबांनी आधी आणलेल्या मोठ्या भोकांच्या होत्या आणि असल्या जाळीत डोकं घालून अडकून बसतात. तळाला कोरोप्लास्ट, म्हणजे दुकानांच्या पाट्या करतात ती पोकळ प्लास्टिक शीट. ही कापायची युक्ती अशी की चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर जास्त ठेवायचं, म्हणजे इथे १०० बाय १७० ची शीट, मग घडीच्या रेषेवर कटरने फक्त वरचा एक पापुद्रा कापायचा, आरपार नाही, आणि उलट बाजूला दुमडून कडा उभ्या करायच्या. कोपरे बाहेरून टेपने बंद, आतून टेप लावली की कुरतडलीच. पहिल्या शीटला बाबांनी जोर लावला आणि ती आरपार गेली. दुसरी मुलाने कापली, जीभ बाहेर काढून, सावकाश, आणि एकदम सरळ.

उंचीचाही विचार केला. फरशीवर ठेवलं तर वरून माणूस वाकला की सावली पडते आणि यांच्या डोक्यात सावली म्हणजे शिकारी, लगेच पळापळ. त्यामुळे जुनं सेंटर टेबल आणि त्याच उंचीची दोन लाकडी खोकी जोडून वर प्लाय टाकला, त्यावर पिंजरा. वर झाकण लागलं नाही, कुत्रा-मांजर नव्हतं आणि मोठ्या गिनीपिगला ३५ सेंटीमीटरची भिंत पुरते.

आता बेडिंग, म्हणजे तळाला अंथरायचं ते. आणलेलं होतं सीडरच्या लाकडाचा भुसा, मस्त वास येत होता आणि तो वास हाच प्रॉब्लेम. सीडर आणि न सुकवलेल्या पाइनमधल्या त्या वासाच्या द्रव्यांनी श्वासनलिकेला त्रास होतो. आईंना धुता येईल असं काहीतरी हवं होतं म्हणून फ्लीस, म्हणजे ते मऊ लोकरीसारखं सिंथेटिक कापड ठरलं, खाली जुने टॉवेल आणि वर फ्लीस, लघवी फ्लीसमधून खाली जाते, टॉवेल पितो, वरचा थर कोरडा राहतो. निदान तसं व्हायला पाहिजे. मी दुसऱ्या भेटीत म्हटलं एक चमचा पाणी टाका बरं. टाकलं. पाण्याचे मणी झाले, अळूच्या पानावर होतात तसे, आणि फ्लीस थोडं उचललं तर सगळे मणी घरंगळत एका कडेला गेले. नव्या फ्लीसवर कोटिंग असतं, ते गरम पाण्यात तीन-चारदा धुऊन काढावं लागतं, तोवर ते रेनकोटच. आईंनी धुतलं, परत चमचा, परत मणी. अजून दोनदा धुतलं, तरी मणी! मग विचारता विचारता कळलं की कपडे मऊ राहायला त्या शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालत होत्या, सवयीने, आणि सॉफ्टनरचाच थर बसतो त्याच्यावर, पाणी आत जाऊच देत नाही. पहिल्यापासून सगळं. सॉफ्टनरशिवाय तिसऱ्या धुण्यानंतर चमचाभर पाणी दोन सेकंद वर थांबलं आणि मग गपकन आत गेलं. मुलाने त्याचा व्हिडिओ पाठवला मला, मागे आईंचा आवाज, "गेलं गं बाई एकदाचं."

लपायच्या घरांवरून मुलाचं आणि माझं थोडं वाजलं. त्याने खोक्याचं सुंदर घर केलं होतं, खिडक्या रंगवलेल्या, दार एकच. मी म्हटलं दुसरं दार कर. तो म्हणाला, "मावशी, घराला एकच दार असतं." मग त्याला जेवणाच्या टेबलाखाली बसवलं, तीन बाजूंनी खुर्च्या लावल्या आणि चौथ्या बाजूला मी मांडी घालून बसले, म्हटलं जा आता बाहेर. अर्धं मिनिट हसला, मग ढकलायला लागला, मग गप्प झाला. दोघींत एक वरचढ असतेच, ती दारात बसली की दुसरी आत कोंडली जाते, तिथूनच चावाचावी सुरू. त्यामुळे प्रत्येक घराला दोन दारं, आणि घरं माणशी एक अधिक एक, म्हणजे दोघींना तीन. खाण्यापिण्याचंही तसंच, बाटल्या दोन, लांब लांब टोकांना, भाजीच्या वाट्या दोन.

गवताबद्दल थोडक्यात सांगते कारण त्याने पिंजऱ्याची मांडणी ठरते. दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला आणि पोट चालू राहायला टिमोथीसारखं वाळलेलं गवत चोवीस तास समोर पाहिजे. अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, पिल्लांना आणि गाभणीला ठीक, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, लघवीत खडे होतात. तर गवत खाताना ते तिथेच बसून लेंड्या टाकतात, हे बदलायच्या भानगडीत पडू नका, उलट तिथेच एक पसरट ट्रे ठेवा, त्यात कागदाच्या गोळ्यांचं बेडिंग आणि वर गवत. निम्मी घाण एकाच ठिकाणी गोळा होते. गोल तारेचे बॉल मिळतात गवत भरून टांगायचे, ते अजिबात नको, मान अडकते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. पिंजरा तयार झाला बाराव्या दिवशी. दहा दिवस नुसतं बसून काय करणार, म्हणून मी म्हटलं आता चार दिवस रिकामा पिंजरा चालवा. म्हणजे काय, तर आत दोघी आहेत असं धरून सगळं करायचं. सकाळी गवत, पाणी बदलायचं, भाजीच्या वाट्या ठेवायच्या उचलायच्या, फ्लीस झटकायचं, एक दिवसाआड टॉवेल बदलायचे, आत थर्मामीटर ठेवायचा आणि दिवसातून चारदा लिहायचा. बाबांना हा वेडेपणा वाटला, तोंडावर म्हणाले नाहीत पण दिसत होतं. मुलाने मात्र वहीच घातली.

पहिल्याच सकाळी एका बाटलीखालचा टॉवेल चिंब. रात्रभर थेंब थेंब गळत होती, वॉशर वाकडा बसला होता. प्राणी असते तर लघवी समजून कोणी लक्षही दिलं नसतं, आणि ओल्यात बसून त्यांचे पाय खराब झाले असते आणि बाटली दुपारपर्यंत रिकामी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीचा फोटो आला. सकाळी ८ ला २४, दुपारी १२ ला २५, साडेचारला ३२. मी फोन केला, म्हटलं थर्मामीटर कुठे ठेवला होतास. तर बाबांनी व्हिडिओच लावला, खिडकीतून पश्चिमेचं ऊन आडवं येऊन निम्म्या पिंजऱ्यावर पसरलेलं, कोरोप्लास्टला हात लावला तर कोमट, खोलीत मात्र २५ च. सकाळी अकराला बघून मी जागा पास केली होती! इतकी घरं बघितली आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे हे मला विचारायचं सुचलं नाही. तेव्हापासून मी साडेतीन-चारच्या आत घर बघायला जातच नाही.

मग पिंजरा टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला. तिथे ऊन नाही. पण तिसऱ्या दिवशी मुलाने सहज कोरोप्लास्टच्या कडेवर हात ठेवला आणि टीव्ही चालू होता तर शीट त्याच्या बोटांखाली थरथरत होती, स्पीकर खाली त्याच प्लायला टेकलेला. आपल्याला ऐकू येतं त्याच्या कितीतरी वरचे आवाज गिनीपिगला ऐकू येतात, त्यात तळच थरथरत असेल तर बघायलाच नको. परत उचलला. शेवटी जेवणाच्या टेबलाशेजारची आतली भिंत, जिथे आधी चपलांचं कपाट होतं, तापमान दिवसभर २३-२४, माणसं येता-जाता दिसतात पण डोक्यावरून कोणी जात नाही. बाल्कनी, खिडकी, टीव्ही, आणि मग ही. कपाट आता बाल्कनीत आहे.

चौथ्या दिवशी काही सापडलं नाही पण आई म्हणाल्या, "टॉवेल एक दिवसाआड म्हणजे आठवड्याला चार धुणी वाढणार, हे कोणी आधी सांगतच नाही." म्हटलं सांगितलं असतं तरी कळलं नसतं. कामाची वाटणी त्याच रात्री झाली म्हणे, टॉवेल बाबांकडे.

उरलेल्या दिवसांत दोन किरकोळ गोष्टी. मुलाच्या आत्तेभावाकडे ससा आहे, तो सुट्टीत आला की एकत्र खेळतील अशी कल्पना होती, ती मोडावी लागली, सशाच्या अंगात बोर्डेटेला जंतू काही त्रास न देता राहू शकतो आणि तोच गिनीपिगला न्यूमोनिया देतो, वर सशाची एक लाथ पुरे. आणि व्हेट आधी शोधून ठेवायला लावला. फोनवर काय विचारायचं ते बाबांना लिहून दिलं होतं, गिनीपिगला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देता का? जो हो म्हणेल तिकडे जायचं नाही, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पोटात गेली की यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावतो. दुसऱ्या फोनला एक डॉक्टर नुसतं नाही म्हणाल्या असं नाही, बाबांना पाच मिनिटं कारण समजावत बसल्या, त्याच ठरल्या.

७२ वा दिवस आला आणि गेला. दोघींचं दर आठवड्याला वजन होत होतं, टिकलीचं सारखं वाढत होतं त्यामुळे आम्ही जरा दबकूनच होतो, पण काही नव्हतं, नुसतं पोटभर गवत मिळाल्याचा परिणाम. निघताना भुरी ९१० ग्रॅम, टिकली ९६०.

घरी आल्या त्या दिवशी मी मुद्दाम दुपारी चारला गेले. त्यांना आणलेला डबा, म्हणजे कॅरियर, पिंजऱ्यात ठेवून दार उघडलं आणि सगळ्यांना लांब बसवलं. भुरी सुसाट निघाली ती थेट मुलाच्या खोक्याच्या घरात. टिकली पाठोपाठ, पण आत शिरायच्या ऐवजी दारातच ठाण मांडून बसली. मुलाने माझ्याकडे बघितलं. भुरी दुसऱ्या दाराने बाहेर आली, कडेकडेने मागच्या घरात गेली, भांडण नाही काही नाही.

दोन दिवस बाहेर फारशा दिसल्याच नाहीत, रात्री गवत संपायचं तेवढीच खूण. पाचव्या दिवशी मेसेज आला, टिकली जागच्या जागी उडतेय, फीट आली का? व्हिडिओ बघितला, पॉपकॉर्निंग होतं, खूश झाली की असंच हवेत उसळतात, मान एकीकडे पाय एकीकडे.

तीन महिन्यांनी परत जाऊन आले. फ्रिजचं दार उघडलं की दोघी एका सुरात किंचाळतात, त्यामुळे बाबांनी रात्री फ्रिज उघडणं बंद केलंय. गवताच्या ट्रेचा कोपरा अजून वास मारतो, तिथलं बेडिंग आता रोज बदलतात. आणि पुठ्ठ्याच्या पाट्या मुलाने नव्या पिंजऱ्याला आतल्या बाजूने अडकवल्या होत्या, त्यातली भुरी शिल्लक आहे, टिकली नुसती "टि" पर्यंत, बाकीची टिकलीनेच खाल्ली.